जुन्या गाडीचा पुढचा शॉकअप मऊ पडलाय? जाडं तेल ओतायच्या आधी हे वाचा

आपल्या खान्देशात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचं वेड काही कमी होत नाही. आरएक्स १०० बंद होऊन किती वर्षं झाली, येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला थांबला, तरी शिरपूर म्हणा, चोपडा म्हणा, रावेर-यावल म्हणा, कुणाच्या तरी पडवीत ताडपत्रीखाली एखादी उभी असतेच. मग पोरं तिला गोट्यांचे टायर लावतात, मडगार्ड उंच करतात, रुंद हँडल टाकतात नि सातपुड्याच्या पायथ्याला घेऊन जातात. सायलेन्सरवर खर्च होतो, कार्ब्युरेटरवर होतो, मागच्या शॉकअपवर पण होतो. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचा शॉकअप, मात्र तसाच राहतो, तीस-चाळीस वर्षांपूर्वी डांबरी रस्त्यासाठी नि साठ किलोच्या माणसासाठी बनवलेला. पहिल्याच नाल्यात उतरलं की ठक्कन आवाज येतो, फोर्क पूर्ण बसतो, नि ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते.

यावर सगळीकडे एकच औषध सांगतात, जाडं तेल टाक. मी पण तेच केलं होतं. माझ्या आरएक्समध्ये एका गॅरेजात इंजिनचं २०डब्ल्यू४० भरून दिलं, गाडी उभी असताना हँडल दाबून बघितलं तर एकदम कडक वाटली, मी खूश. दुसऱ्या दिवशी अनेर धरणाच्या बाजूच्या एका गाडरस्त्यानं गेलो, बैलगाडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या, नि तिथे असं झालं की पहिला खड्डा ठीक, दुसरा जरा कडक, तिसऱ्या-चौथ्याला फोर्क वर यायलाच तयार नाही, खालीच अडकून बसला नि पाचव्या दणक्याला हँडल हातातून सुटलं. पडलो. मनगट पंधरा दिवस सुजलेलं होतं. त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला, फोर्क आठ-दहा वेळा खोलला, नि माझं ठाम मत झालंय की मऊ स्प्रिंगवर जाडं तेल हा उपाय नाहीच, उलट धोका आहे. का ते सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

फोर्कमध्ये दोन वेगळी कामं चालतात. स्प्रिंग गाडीचं नि तुमचं वजन पेलते, फोर्क किती खोल गेला यावर तिचा जोर ठरतो. तेल वजन अजिबात पेलत नाही, ते फक्त वेग अडवतं. जुन्या गाड्यांच्या फोर्कात आत एक नळी असते, डॅम्पर रॉड, स्पेअरच्या दुकानात काही जण सीट पाइप पण म्हणतात, तिला भोकं असतात नि तेल त्या भोकांतून ढकललं जातं. भोक ठरावीक मापाचं, त्यामुळे वेग दुप्पट झाला की अडवण्याचा जोर दुप्पट नाही होत, जवळजवळ चौपट होतो. आता बघा, ब्रेक मारल्यावर फोर्क हळू बसतो, तिथे तेल फारसं काही करत नाही. दगडावर चाक आपटलं की फोर्क एकदम जोरात दाबला जातो, तिथे तेच तेल भिंतीसारखं होतं. म्हणजे जाडं तेल टाकून जिथे आधार हवा तिथे थोडासाच मिळतो नि जिथे मऊपणा हवा तिथे दणका मिळतो. शिवाय फोर्क परत वर येताना पण तेल जाडंच, स्प्रिंग मऊ, मग तिच्यात फोर्क वेळेत वर ढकलायची ताकद नसते. माझं जे झालं ते हेच.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी फोर्क मऊ आहे की आजारी आहे हे बघायचं. आमच्या इथले एक जुने मिस्तरी आहेत, त्यांनी माझ्या गाडीचं तेल काढून दोन बोटात चोळलं नि म्हणाले, "भाऊ, यामा तेल नई, पानी शे." खरंच होतं, करडं पाणीदार काहीतरी निघालं, नि दोन्ही बाजूचं मिळून मोजलं तर पाहिजे त्याच्या निम्मं पण नव्हतं. वीस-वीस वर्षं या फोर्कांचं तेल कुणी बदलत नाही, इंजिनचं बदलतात, याचं नाही. सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी रिंग, गळत असेल तर तेल कमी, तेल कमी तर डॅम्पिंग नाही, म्हणजे वेग अडवणं नाही, नि माणूस म्हणतो स्प्रिंग गेली. म्हणून एक पैसा खर्च करायच्या आधी फोर्क खोला, धुवा, बघा.

खोलताना एक क्रम सांभाळा. गाडी इंजिनखाली भक्कम स्टँड नाहीतर लाकडी ठोकळा देऊन उभी करा, पुढचं चाक अधांतरी. वरचे टोपीबोल्ट आणि खालचा ॲलन बोल्ट, दोन्ही फोर्क गाडीवर असतानाच थोडे ढिले करून घ्या. खालचा ॲलन डॅम्पर रॉडमध्ये बसलेला असतो, स्प्रिंगचा दाब निघून गेल्यावर फिरवायला गेलात तर आतली रॉड सोबतच गरगर फिरते नि बोल्ट सुटत नाही, तेव्हा झाडूच्या लाकडी दांड्याचं टोक तासून वरून रॉडच्या तोंडात घट्ट ठोकून धरावं लागतं. वरचा बोल्ट शेवटचे आटे सुटताना तळहातानं दाबून धरा, आपलं तोंड त्याच्यावर आणू नका, स्प्रिंग आतून उडते.

सुटे केल्यावर फोर्कचा पाइप काचेवर लोळवून बघा. जुन्या गाडीचा पाइप सरळ असेलच असं धरून चालू नका, एखाद्या मालकानं कधीतरी धडकवलेली असते. लेथवाल्याकडे डायल लावून मोजता येतं, ०.२ मिमीपेक्षा जास्त डोलत असेल तर मी तो पाइप वापरत नाही. क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर बारीक पाण्याचा पॉलिश पेपर, हजार-दीड हजार नंबरचा, आडवा फिरवून टोकदारपणा काढून टाका, खोल खड्डे असतील तर पाइपच बदला नाहीतर नवा सील महिनाभर पण टिकणार नाही. डॅम्पर रॉडच्या डोक्यावर एक छोटी रिंग असते ती नक्की बघा. ती झिजली की तेल भोकांतून न जाता बाजूनं पळतं, फोर्क दाबून सोडला की पिचकारीसारखा वर येतो, नि कितीही चांगलं तेल घाला, फरक पडत नाही. ही रिंग स्वस्तातली वस्तू आहे, पण सगळे विसरतात. रॉडच्या खालच्या टोकाला ऑइल लॉकची छोटी वाटी असते, फोर्क अगदी तळाला जाताना शेवटचे काही मिलीमीटर तीच सांभाळते, कुणीतरी आधी खोलताना ती हरवलेली किंवा उलटी बसवलेली मी दोन गाड्यांत बघितली.

सील बसवताना पाइपच्या वरच्या काठावर पातळ प्लास्टिक किंवा सेलोटेप गुंडाळा, सीलच्या ओठाला ग्रीस लावा. सील आत ठोकायला खास टूल लागतं म्हणतात, पण आपण जळगावच्या मुलखातले, शेतात पीव्हीसी पाइपाचे तुकडे पडलेले असतात, पाइपवर सरकेल नि सीलच्या कडेवर बसेल असा एक निवडा, टोक सपाट कापा, झालं टूल. खालच्या ॲलनचा तांब्याचा वॉशर नवाच टाका.

फोर्क परत बसवल्यावर चाकाचा ॲक्सल घट्ट करायची घाई करू नका. ॲक्सलचा नट घट्ट, पण बाजूचा पकडबोल्ट ढिला ठेवून गाडी खाली घ्या, पुढचा ब्रेक धरून फोर्क आठ-दहा वेळा दाबा, दोन्ही पाय आपोआप एका रेषेत येतात, मग पकडबोल्ट आवळा. नाहीतर दोन पाइप एकमेकांना रेटत राहतात, फोर्क घासून चालतो, नि माणसाला वाटतं कडक आहे. हँडलचा कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, पण याच वेळी तपासून घ्या, त्यात खेळ असेल तर ब्रेक मारताना जो खटखट आवाज येतो तो फोर्कचा नसतोच.

एवढं करून ओरिजिनल तेल ओरिजिनल मापात भरून गाडी चालवा. अर्ध्या लोकांचं काम इथेच होईल, खरं सांगतो.

ज्यांचं नाही झालं त्यांनी आता मोजायचं. मिस्तरी मला तेव्हा म्हणाले होते, "कसाले घाई करस, पहिले मोज." प्लास्टिकची एक बारीक केबल टाय फोर्कच्या पाइपवर सीलच्या अगदी वर बांधा, सरकेल इतपत. चाक अधांतरी असताना सीलपासून वरच्या क्लॅम्पपर्यंत अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर, तुम्ही पूर्ण कपड्यानिशी, बूट-हेल्मेट घालून, जिथे उभं राहून किंवा बसून चालवता तसेच बसा, दुसऱ्यानं मोजायचं. फोर्कला घासटपणा असतो म्हणून दोनदा मोजतात, एकदा हँडल दाबून हळू वर येऊ द्यायचं नि जिथे थांबेल ते माप, एकदा थोडं उचलून हळू खाली बसू द्यायचं नि ते माप, दोघांची सरासरी. सुरुवातीच्या मापातून ती वजा केली की फोर्क तुमच्या वजनानं किती बसला ते निघतं. याला सॅग म्हणतात. कच्च्या रस्त्याला सॅग फोर्कच्या एकूण चालीच्या २५ ते ३० टक्के असावा, ३३ पर्यंत चालतं. एकूण चाल म्हणजे स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण ताणल्यापासून पूर्ण बसेपर्यंतचं अंतर, ते पण खोलल्यावर मोजून लिहून ठेवा. दोन्ही मापांत खूपच जास्त फरक पडत असेल तर फोर्क कुठेतरी घासतोय, वरच्या पकडबोल्टच्या परिच्छेदाकडे परत जा.

आता एक हिशोब मांडतो, आकडे समजा म्हणून घ्या, पण जुन्या छोट्या गाडीच्या जवळचे आहेत. चाल १३० मिमी. तुम्ही बसलेले असताना पुढच्या चाकाखाली काटा ठेवला, आडतीच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, मागचं चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर, नि आलं ७६ किलो. त्यातून चाक, ब्रेक, मडगार्ड, फोर्कचे बॉटम, म्हणजे खालचे जाड नळे, यांचं १६ किलो वजा, कारण ते स्प्रिंगच्या खाली आहे. राहिलं ६० किलो. एका स्प्रिंगचा जोर मिलीमीटरला ०.४२ किलो, दोन मिळून ०.८४. बसवताना स्प्रिंग २० मिमी आधीच दाबलेली आहे. मग ६० भागिले ०.८४ म्हणजे ७१, वजा २०, सॅग ५१ मिमी. १३० च्या ३९ टक्के. म्हणजे दगड लागायच्या आधीच तुम्ही चाल खाऊन बसलात. दणका झेलायला ७९ मिमी उरलेत, नि तळाला स्प्रिंगचा एकूण जोर ०.८४ गुणिले १५०, म्हणजे १२६ किलो.

लोक पहिल्यांदा काय करतात तर स्पेसर टाकतात, म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावर पाइपचा तुकडा. यानं सॅग कमी होतो, खरं आहे. वरच्या हिशोबात ११ मिमीचा जास्तीचा स्पेसर टाकला की सॅग ४० वर येतो, ३१ टक्के, कागदावर छान. पण स्प्रिंग तीच आहे, तळाला जोर फक्त १३५ किलो झाला. ज्याचं दुखणं नुसतं नाक खाली असण्याचं आहे त्याला एवढं पुरतं. नाल्यात उतरताना ठक्कन बसणाऱ्या गाडीला पुरत नाही. आणि खूप मोठा स्पेसर घालून सॅग मारून टाकला तर फोर्क वर जाऊन ताणलेल्या अवस्थेत खटकतो, चाक खड्ड्यात उतरतच नाही, त्यावरून उडत जातं. स्पेसरला पीव्हीसी वापरत असाल तर जाड भिंतीचा घ्या, ठिबकची लॅटरल नळी नाही, नि दोन्ही टोकांना स्टीलचे वॉशर ठेवा नाहीतर स्प्रिंग त्यात रुतते. मी स्वतः आता ॲल्युमिनियमचा पाइप लेथवर कापून घेतो, टोकं काटकोनात मिळतात नि उन्हाळ्यात मऊ पडायची भीती नाही.

खरा उपाय कडक स्प्रिंग. वरच्याच हिशोबात ०.४२ ऐवजी ०.५० ची स्प्रिंग, दोन मिळून १.००, नि दाब तोच २० मिमी. सॅग ६० वजा २०, बरोबर ४० मिमी. तळाला जोर १५० किलो. सॅग स्पेसरइतकाच, पण शेवटाला पंधरा किलो जास्त आधार, आणि तो पूर्ण चालीभर हळूहळू वाढत गेलेला. चालवताना हा फरक इतका जाणवतो की मला पहिल्या दिवशी गाडी बदलल्यासारखं वाटलं.

कडक स्प्रिंग आणायची कुठून? मोठ्या एमआयडीसीत ऑर्डरनं स्प्रिंग वळून देणारे असतात, त्यांना तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे, लांबी लिहून दिली की करतात, पण एका जोडीसाठी नाक मुरडतात, चार-पाच जणांनी मिळून ऑर्डर दिली तर सोपं जातं. दुसरा रस्ता म्हणजे आहे तीच स्प्रिंग कापणं. हे ऐकून लोक दचकतात, कापली तर मऊ नाही का होणार? नाही, कडक होते. स्प्रिंग म्हणजे लांब पिळलेली तार, तार जितकी लांब तितकी सहज दबते, वेढे कमी केले की तीच तार कमी लांबीत तेवढंच काम करते. वेढ्यांच्या उलट प्रमाणात जोर वाढतो. ५० वेढ्यांची स्प्रिंग ४२ वर आणली तर ५० भागिले ४२, म्हणजे १९ टक्के कडक, ०.४२ ची बरोबर ०.५०. हे टोकाचे बसके वेढे सोडून मोजायचं, फक्त जे दबतात ते.

कापायच्या आधी मात्र एक गोष्ट तपासलीच पाहिजे, वेढे एकमेकांना भिडतात का. समजा तार ३.६ मिमी, वेढे ५०, मोकळी लांबी ४०० मिमी. पूर्ण भिडली की ५० गुणिले ३.६, म्हणजे १८० मिमी, दबायला २२० मिमी मिळतात. ४२ वेढ्यांवर लांबी ३३६ नि भिडल्यावर १५१, दबायला १८५ मिळतात. आपल्याला लागतात १३० चालीचे नि २० आधीच्या दाबाचे, १५०. पस्तीस मिमी शिल्लक, चालेल. शिल्लक दहाच्या खाली येत असेल तर कापू नका, कारण स्प्रिंग भिडली की तो धातूवर धातूचा दणका थेट टोपीबोल्टवर जातो. जेवढी लांबी कापली तेवढा स्पेसर वाढवायचा, इथे ६४ मिमी. काही स्प्रिंगचे एका बाजूचे वेढे जवळजवळ नि दुसऱ्या बाजूचे लांब असतात, तिथे जवळच्या बाजूचे कापा, ते तसेही आधी भिडून बसतात, पण तिथे वरचा सरळ हिशोब लागू होत नाही, दोन-दोन वेढे कापून परत मोजत जा. ग्राइंडरच्या पातळ चाकानं कापा, गॅसनं अजिबात नाही, गरम झालेला भाग पाणी चढवलेल्या तारेची ताकद घालवून बसतो. कापलेलं टोक वॉशरवर ठेवा, घासून थोडं सपाट करा. आणि दोन्ही स्प्रिंगा अगदी सारख्या.

जोर मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. स्प्रिंग काट्यावर उभी ठेवा, आतून एक दांडा घाला म्हणजे वाकणार नाही, ड्रिल मशीनच्या स्टँडनं वरून दाबा. ५० मिमी दाबल्यावर काटा २१ किलो दाखवतो म्हणजे ०.४२. २५ किलो दाखवतो म्हणजे ०.५०. डोळ्यांवर चष्मा घाला, निसटली तर जोरात लागते.

स्प्रिंग बरोबर झाली की मग, नि मगच, तेलाकडे या. आता तेल कमी जाडं लागेल की जास्त हे फोर्क सांगतो. गाडी उभी करून ब्रेक धरून हँडल जोरात दाबा नि सोडा. एकदाच वर येऊन जागेवर थांबला पाहिजे. वर जाऊन परत खाली डोलत असेल तर तेल पातळ आहे किंवा ती रिंग झिजलीय. सुस्तपणे, म्हातारा माणूस पायरी चढतो तसा वर येत असेल तर जाडं आहे. स्प्रिंग कडक केली की परत येण्याचा जोर वाढतो, म्हणून साधारणपणे एक पायरी जाडं तेल लागतं, १० नंबरवरून १५. यापलीकडे मी क्वचित जातो. डब्यावरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका, एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसऱ्याच्या १५ च्या जवळ असू शकतं, माहितीपत्रकात ४० अंशाला किती सेंटीस्टोक, म्हणजे तेलाच्या जाडीचं माप, ते बघा. १० नंबरचं फोर्क तेल तिथे साधारण ३० ते ४० च्या आसपास असतं, इंजिनचं २०डब्ल्यू४० शंभरच्या वर. मला त्या गाडरस्त्यावर कुणी पाडलं ते या दोन आकड्यांत आहे. मधलं काही हवं असेल तर एकाच कंपनीची १० आणि २० मिसळा.

आपल्याकडचं ऊन पण लक्षात घ्या भो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात, दुपारी उभ्या गाडीच्या फोर्कला हात लावता येत नाही, तेल पातळ होणारच. नि डिसेंबरात पहाटे तोरणमाळला जायला निघालात तर तेच तेल घट्ट. सेटिंग नेहमी त्या वेळेला करा ज्या वेळेला तुम्ही जास्त चालवता, नि फोर्क दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम झाल्यावरच निकाल लावा.

तेल किती घालायचं यात खूप मोठी चावी दडलीय. मिलीत मोजू नका, उंचीत मोजा. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण बसवलेला, हवा काढायला आठ-दहा वेळा वरखाली केलेला, मग पाइपच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं. ही जी रिकामी जागा राहते त्यातली हवा फोर्क बसताना दाबली जाते नि दुसऱ्या स्प्रिंगचं काम करते, सुरुवातीला काहीच नाही, शेवटाला भरपूर. वरचं उदाहरण घ्या, पाइप ३० मिमीचा नि आतून २५ मिमीचा. १४० मिमी जागा ठेवली तर स्प्रिंगनं खाल्लेली तीस-बत्तीस मिली वजा जाता बसलेल्या फोर्कात सदतीस-एक मिली हवा उरते, ताणलेल्या फोर्कात ती १२९ असते. साडेतीन पट दाबली. आता तेल ३० मिमी चढवा, म्हणजे एका पायात फक्त पंधरा मिली, तर ११४ ची हवा २२ मध्ये दाबायची, पाच पटीच्या वर. सुरुवातीचा मऊपणा तसाच, तळाचा दणका गेला. म्हणून जो म्हणतो माझं बाकी सगळं ठीक, फक्त मोठ्या उडीला फोर्क बसतो, त्यानं स्प्रिंगला हात न लावता १०-१० मिमी तेल चढवावं नि प्रत्येक वेळी तीच उडी मारून केबल टाय कुठे गेली ते बघावं. तळापासून १० मिमी अलीकडे थांबली की झालं. हाव करू नका, फार भरलं तर हवेचा दाब सील बाहेर फेकतो, नि तेल दाबलं जात नाही, फोर्क एका जागी ठप्प होतो. पाइप जितका बारीक तितका हा फरक झटकन पडतो, म्हणून मोठ्या गाड्यांचे आकडे आपल्या छोट्या गाड्यांना लावू नका.

काही जणांकडे बाहेरून आलेल्या खऱ्या ऑफरोड गाड्या आहेत, जुनी यामाहा डीटी, होंडा एक्सएल वगैरे. हिशोब तोच, चाल जास्त एवढंच. १९७० च्या दशकाच्या शेवटी नि ८० च्या सुरुवातीला अशा बऱ्याच गाड्यांच्या टोपीबोल्टवर ट्यूबसारखा हवेचा व्हॉल्व्ह असायचा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं त्यात हवा भरू नका, जागा इतकी कमी असते की अर्ध्या सेकंदात सील उडतो, छोटा हातपंप वापरा. माझं मत विचाराल तर चांगली स्प्रिंग टाकून त्यात हवा शून्य ठेवावी, हवेनं सील पाइपला आवळून धरतो नि बारीक खडे अंगात उतरतात. आणि ज्या फोर्कला कंपनीनं व्हॉल्व्ह दिलाच नाही त्याला ड्रिल मारून लावू नका.

इथपर्यंत करून पण समाधान नसेल तर एम्युलेटर नावाची वस्तू येते, रेसटेक कंपनीची जुनी प्रसिद्ध आहे. डॅम्पर रॉडच्या डोक्यावर स्प्रिंगखाली बसते, आत एक झडप असते, हळू दाबला तर बंद राहून आधार देते, जोरात दाबला तर उघडून तेल सोडते, म्हणजे भोकाचा जो मूळ दोष तोच मोडते. ती बसवताना रॉडची खालची भोकं मोठी करावी लागतात, साधारण ८ मिमीची सहा, म्हणजे अडवणं सगळं झडपेवर येतं. वरची बारीक भोकं परतीची, त्यांना हात लावायचा नाही. छोट्या पाइपाच्या गाड्यांना योग्य माप मिळतंच असं नाही, नि बाहेरून मागवायला पैसे बरेच जातात, त्यामुळे स्प्रिंग नि तेल दोन्ही जागेवर आल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. काही जण उलट करतात, खालचं एक भोक ब्रेझिंग करून बुजवतात. चालतं, पण दगडात जरा कडक लागतं, नि मागे जायचं असेल तर परत ड्रिल, म्हणून एक जुनी रॉड विकत घेऊन तिच्यावर प्रयोग करा, स्वतःची जपून ठेवा.

काळ्या मातीबद्दल सांगायचंच राहिलं. पावसाळ्यात तापीकाठच्या शिवारातून जाऊन आलात की ती रेगड पाइपवर बसते नि वाळली की सिमेंट. ती कोरडी खरवडायची नाही, नि तशीच गाडी दामटायची नाही, ओल्या फडक्यानं भिजवून पुसून घ्यायची. रबरी घडीचे गेटर मिळत असतील तर नक्की लावा, खाली एक बारीक भोक ठेवा पाणी निघायला. सील थोडासा गळायला लागला तर लगेच बदलायला धावू नका, जुन्या एक्स-रे फिल्मचा नखाएवढा तुकडा कापून सीलच्या ओठाखाली अलगद घालून गोल फिरवा, बऱ्याचदा एक वाळूचा कण निघतो नि गळती थांबते.

नवीन सेटिंगनंतरचं पहिलं तेल मी पाचशे किलोमीटरला काढून टाकतो, कारण नवीन रिंग नि सील जागा धरताना चुरा सोडतात. ते तेल पांढऱ्या कागदावर ओतून बघा, करडं असेल तर ठीक, चमकीसारखे कण दिसले तर पाइप कुठे घासतोय ते शोधा, परत भरताना उंची मोजूनच भरा नि ते माप, तेलाचा नंबर, स्पेसरची लांबी नि सॅग टाकीखाली कागद चिकटवून लिहून ठेवा.